जागेवर जाण्याआधी: ठाण्यात, नवी मुंबईत बसून गावाकडची जमीन कशी तपासायची

"आधी जागा तर बघून येऊ, आवडली तर कागदपत्रं काढू." दर रविवारी ठाण्यात, डोंबिवलीत, कोपरखैरण्यात कुणी ना कुणी हे म्हणतं आणि गाडी मुरबाडच्या नाहीतर कर्जतच्या दिशेने निघते. माझं म्हणणं याच्या नेमकं उलटं आहे. जमीन आधी सातबाऱ्यावर बघा, गावनकाशात बघा, उपग्रहाच्या चित्रात बघा. तिथे ती टिकली तरच पेट्रोल जाळा. पावसाळ्यात माणूस एकदा बांधावर उभा राहिला, समोर माळशेजची रांग ढगात शिरलेली दिसली, की त्याचं मन तिथेच बसतं. मग सातबाऱ्यावरच्या "इतर हक्क" रकान्यातली वाईट नोंदसुद्धा "होईल काहीतरी मार्ग" म्हणून सोडून दिली जाते. न बघितलेल्या जमिनीला नकार देताना काहीच तुटत नाही, आणि बऱ्याच जमिनी नकार देण्यासारख्याच निघतात.

मुरबाड, शहापूर, भिवंडी, वाडा, कर्जत, खालापूर या पट्ट्यात अर्धा-एक एकर घ्यायची इच्छा असलेल्या शहरी कुटुंबांसाठी हे लिहिते आहे. ज्यांना नोकरीमुळे किंवा घरातल्या वयस्कर माणसांमुळे लगेच जागेवर जाणं जमत नाही, त्यांना याचा जास्त उपयोग होईल. क्रम मात्र मोडू नका. आणि क्रम पूर्ण होईपर्यंत एक रुपयाही देऊ नका, "नुसतं अडवून ठेवायला" म्हणूनसुद्धा नाही.

पहिली पायरी: तुम्हाला ही जमीन घेता येते का?

जमिनीची चौकशी करण्याआधी स्वतःची करा. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. १९४८ च्या कुळकायद्याचं कलम ६३ तसं सांगतं. बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि ती सहज मिळेल असं धरून चालू नका. तुमच्या किंवा आईवडिलांच्या नावावर साताऱ्यात, जळगावात, सिंधुदुर्गात, राज्यात कुठेही शेती असेल तर तो सातबारा आणि ८अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा) आधी काढून ठेवा. वारसनोंद राहिलेली असेल तर ती आधी पूर्ण करा. आजोबांच्या नावावर पडून राहिलेल्या सातबाऱ्याने तुमचं काम सोपं होणार नाही.

काही एजंट म्हणतात, "शेतकरी दाखला आपण करून देऊ." त्या फोननंतर त्या माणसाशी बोलणं थांबवा. बनावट दाखल्यावर झालेली खरेदी कलम ८४क खाली अवैध ठरू शकते आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. पैसे गेले ते गेलेच.

परदेशात असलेल्यांसाठी वेगळा नियम आहे. अनिवासी भारतीयाला परकीय चलन कायद्यानुसार शेतजमीन, मळ्याची जमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने मिळू शकते. मुलगा दुबईहून पैसे पाठवतो आणि जमीन ठाण्यातल्या आईच्या नावावर घ्यायची आहे, अशा वेळी आई स्वतः शेतकरी असायला हवी.

प्रादेशिक किंवा विकास योजनेत रहिवास, वाणिज्य, उद्योग अशा बिगरशेती वापरासाठी दाखवलेल्या जमिनीला कलम ६३ ची अट सैल आहे. पण ते एजंटच्या तोंडून ऐकून धरायचं नाही. झोन दाखला हातात घ्यायचा. त्याबद्दल पुढे येतंच.

दुसरी पायरी: एजंटकडून नेमकी माहिती काढा

जाहिरातीत असतं ते "सरळगावपासून दहा मिनिटं, रोड टच, नदीजवळ". याचा तपासणीला काही उपयोग नाही. तुम्हाला हवं आहे: जिल्हा, तालुका, गावाचं महसुली नाव, गट किंवा सर्व्हे नंबर हिस्सा नंबरासकट, सातबाऱ्यावर असलेलं विकणाऱ्याचं पूर्ण नाव, आणि जागेचं गुगल लोकेशन.

महसुली नावाचा आग्रह धरा. आपल्या भागात लोक पाड्याचं नाव सांगतात, आणि पाडा भूलेख या सरकारी संकेतस्थळाच्या यादीत सापडत नाही, कारण तो दुसऱ्याच महसुली गावात मोडतो. बुद्रुक आणि खुर्दची गफलत तर रोजची आहे. वाडा, जव्हार, विक्रमगड या बाजूचे जुने कागद बघाल तर त्यावर "जिल्हा ठाणे" दिसेल, कारण पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. त्यात काळजीचं काही नाही.

गट नंबर मागितला की उत्तर ठरलेलं येतं. "मॅडम, तुम्ही आधी साइट व्हिजिटला या, नंबर तिथे देतो. नंबर दिला की लोक डायरेक्ट मालकाला गाठतात." एजंटची ही भीती अगदीच खोटी नाही. त्याला सरळ सांगा की दलाली काय ती आधी ठरवू, व्हॉट्सअॅपवर लिहून देते, पण नंबराशिवाय मी येणार नाही. खरा एजंट यावर नंबर देतो. जो तरीही देत नाही, त्याची जागा सोडून द्या.

तिसरी पायरी: सातबारा ओळीओळीने वाचा

महाभूमीच्या भूलेख संकेतस्थळावर सातबारा फुकट बघता येतो. डिजिटल स्वाक्षरीचा हवा असेल तर १५ रुपये लागतात. हा १५ रुपयांचा उतारा तुम्ही स्वतः काढा. विकणाऱ्याने पाठवलेली पीडीएफ किती जुनी आहे आणि मधल्या काळात काय बदललं, हे तुम्हाला कळणार नाही.

सगळ्यात आधी वर भूधारणा पद्धती बघा. भोगवटादार वर्ग १ असेल तर पुढे चला. वर्ग २ असेल तर ती जमीन सरकारी अटीवर मिळालेली आहे आणि विकायला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. "परवानगी आपण नंतर घेऊ" हे ऐकून घ्यायचं नाही. देवस्थान इनामाची जमीन असेल तर तिच्या नादाला लागूच नका.

मग क्षेत्र. इथे एक उतारा जवळून बघू. समजा एजंट "एक एकर" म्हणतो आणि सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र ०.३१.४०, पोटखराबा ०.०७.००, एकूण ०.३८.४० आहे. हे आकडे हेक्टर, आर, चौरस मीटर असे वाचायचे. एकूण ३,८४० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, म्हणजे जवळपास ३८ गुंठे. एकराचे ४० गुंठे धरले तर दोन गुंठे इथेच कमी झाले. लागवडीयोग्य भाग तर ३१ गुंठेच आहे. उरलेला पोटखराबा कुठल्या वर्गाचा आहे तेही बघा. वर्ग अ म्हणजे खडक, खाचखळगे अशी पिकाला निरुपयोगी जागा. वर्ग ब म्हणजे रस्ता, नाला अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली. वर्ग ब चा भाग तुमच्या कुंपणात येणार नाही, तेव्हा त्याचे पैसे कशाला मोजायचे?

नावांच्या रकान्यात आडवी रेष मारून खोडलेली, जुन्या उताऱ्यावर कंसात टाकलेली, नावं कमी झालेली असतात. उरलेली सगळी नावं म्हणजे आजचे मालक. एकाच खात्यावर सात नावं "सामाईक" असतील आणि फोनवर बोलणारा त्यातला एकच असेल, तर उरलेले सहा कुठे आहेत, सही करणार का, हे आत्ता विचारा. "अ.पा.क." दिसलं तर मालकांत अज्ञान मूल आहे, आणि त्याचा हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी लागू शकते. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. कागदावर एक नाव असलं तरी मागे अख्खं कुटुंब उभं आहे.

बहिणींचं नाव इतर हक्कात असणं आपल्याकडे फार नेहमीचं आहे, आणि "त्यांचं काही नाही, त्या सह्या करतील" हे वाक्यही तितकंच नेहमीचं. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वडील तेव्हा हयात असोत वा नसोत, तो हक्क जन्माने आहे हे स्पष्ट केलं. नोंदणीकृत हक्कसोडपत्र झालेलं नसेल तर बहिणी खरेदीखतावर सह्या करायला याव्यात. हा कायद्याचा भाग झाला. मला व्यक्तिशः असंही वाटतं, की जिचा हिस्सा आहे तिला न विचारता घेतलेल्या जमिनीवर आपण झाड लावू नये.

"इतर हक्क" हा रकाना सर्वांत सावकाश वाचा. इथे सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा दिसेल, कुळाचं नाव दिसेल, भूसंपादनाची नोंद, न्यायालयाची मनाई दिसेल. आपल्या भागात तीन नोंदी विशेष बघायच्या.

पहिली आदिवासी जमिनीची. "कलम ३६ व ३६अ ला अधीन" असं काही लिहिलेलं असेल तर ती जमीन बिगर आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या आणि शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. शहापूर, मुरबाड, जव्हार, मोखाडा, कर्जत या तालुक्यांत अशा जमिनी भरपूर आहेत. नव्याण्णव वर्षांचा करार, मुखत्यारपत्र, कुणा आदिवासी माणसाच्या नावावर घेऊन ठेवणं, असे सगळे आडमार्ग तुम्हाला सुचवले जातील. कायदा बाजूला ठेवला तरी ज्यांच्याकडे तेवढंच आहे त्यांचं ते काढून घेणं आहे. इथे थांबा.

दुसरी वनाची. "राखीव वन", "खाजगी वन", "वनसंज्ञा", "कलम ३५(३)" असा उल्लेख कुठेही आला तर, मग तो जुन्या फेरफारात (मालकी बदलल्याच्या नोंदीत) का असेना, वकिलाच्या लेखी मताशिवाय पुढे जाऊ नका. १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्याचा घोळ ठाणे आणि रायगडमध्ये कित्येक गटांवर अजून आहे. डोंगरउताराची वरकस, म्हणजे हलक्या प्रतीची, जमीन स्वस्त मिळते तेव्हा ही शंका आधी घ्यायची.

तिसरी कुळकायद्याची. जमीन कुळाला कलम ३२ ग खाली मिळालेली असेल तर कलम ४३ ची बंदी असते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, ३२ म च्या (कुळाच्या खरेदीच्या) प्रमाणपत्राला १० वर्षं झाली असतील तर शेतसाऱ्याच्या ४० पट नजराणा भरून ती विकता येते. ही अडचण सुटणारी आहे. आकारणी काही रुपयांत असते, त्यामुळे रक्कमही मोठी नसते. फक्त ते काम विकणाऱ्याने आधी पूर्ण करावं.

चौथी पायरी: जमिनीचा मागचा इतिहास

सातबारा आजचं चित्र दाखवतो. मालकी कशी आली ते फेरफारांतून कळतं. सातबाऱ्यावर दिसणारे फेरफार क्रमांक लिहून घ्या आणि एकेक काढा. जुने, हाताने लिहिलेले उतारे आणि फेरफार बऱ्याच ठिकाणी स्कॅन होऊन ई-अभिलेखमध्ये आलेले आहेत. जिथे नाहीत तिथे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा लागतो. वाचताना साखळी बघायची. आजोबांकडून कुणाकडे, कुठल्या कागदाने, किती वारस होते, सगळ्या वारसांची नावं पुढच्या फेरफारात आली का? पाच भावंडांपैकी एक नाव मधेच गायब झालं असेल तर त्याची मुलंबाळं आज कुठेतरी आहेत आणि खटला तिथूनच येतो.

याच्या जोडीला नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्या गटाचे नोंदलेले दस्त शोधा. फुकट सेवा आहे. मुंबईबाहेर साधारण २००२ पासूनची सूची क्रमांक २, म्हणजे दस्ताचा गोषवारा, मिळते. शोधताना गट नंबर वेगवेगळ्या पद्धतीने टाकून बघा: ४७, ४७/२, ४७/२/अ. दस्त नोंदवताना जसा टाइप झाला तसाच तो सापडतो. तुम्हाला जी जमीन विकली जाते आहे तिचं साठेखत (विक्रीचा करार) तीन वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुणाच्या नावाने झालेलं असू शकतं, आणि सातबाऱ्यावर त्याचा मागमूसही नसतो. ते इथे दिसतं. "आपली चावडी" वर गावातल्या प्रलंबित फेरफारांच्या नोटिसा असतात, त्याही बघून घ्या. ई-कोर्ट्सवर विकणाऱ्याच्या आडनावाने तालुका आणि जिल्हा न्यायालयात दावा आहे का, तेही शोधा.

एवढं करूनही सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नसतो, ती महसुलाची नोंद आहे. म्हणून शेवटी ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडूनच घ्यायचा, आणि वकील तुमचा असावा. त्या तालुक्याच्या न्यायालयात रोज उभा राहणारा वकील निवडलात तर त्याला गावं आणि घराणीही माहीत असतात. ठाण्यातल्या मोठ्या कार्यालयापेक्षा मला मुरबाड किंवा शहापूर कोर्टातला माणूस या कामाला जास्त योग्य वाटतो.

पाचवी पायरी: हिस्सा नेमका कुठे आहे?

माझ्या मते न बघता जमीन घेणाऱ्यांची सर्वांत मोठी फसगत इथे होते, आणि कागद खरे असूनही होते.

महाभूनकाशावर गाव निवडून गट नंबर टाका. गटाचा आकार दिसेल, शेजारचे नंबर दिसतील. आता बघा की तुम्हाला सांगितलेला हिस्सा नकाशात वेगळा दाखवला आहे का. ठाणे-रायगडच्या कितीतरी गावांत सर्व्हे नंबर एकच दिसतो आणि सातबारे मात्र हिस्सा १ ते ९ असे वेगवेगळे असतात, कारण पोटहिस्स्यांची मोजणी कधी झालेलीच नाही. कागदावर तुम्ही ४७/३ घेता. जागेवर एजंट डांबरी रस्त्यालगतचा सपाट तुकडा दाखवतो. दोन वर्षांनी कुंपण घालायला गेलात की चुलतभाऊ येतो आणि सांगतो की रस्त्याकडेचा भाग वडिलांपासून आम्ही कसतो, तुमचा हिस्सा वर, ओढ्यापलीकडे. तो खोटं बोलत नसतो.

यावर उपाय एकच. विकणाऱ्याने भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून सरकारी मोजणी करून घ्यावी आणि हद्द दाखवणारी "क प्रत" द्यावी. अर्ज खातेदारालाच करता येतो, तुम्हाला नाही. मोजणीची फी तुम्ही देऊ केलीत तरी चालेल, तो खर्च वाया जात नाही. मोजणीला पैसे दुसरा देत असतानाही जो मालक नाही म्हणतो, त्याला हद्द दाखवायची नाही असं समजा.

याच प्रश्नाचा दुसरा अवतार म्हणजे गुंठ्यावर विकली जाणारी शेती. तुकडेबंदी कायद्यानुसार ठाणे जिल्ह्यात जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे. त्याहून लहान तुकडा स्वतंत्रपणे विकता येत नाही. म्हणून आठदहा अनोळखी कुटुंबांना एकत्र करून एका एकराचं खरेदीखत करतात. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं सामाईक. मध्ये चुन्याच्या रेषा मारलेल्या, तुमचा पाच गुंठ्यांचा प्लॉट नंबर ४, गेटवर कमान. त्या रेषांना कायद्याने काही अर्थ नाही. उद्या विकायची म्हटलं तर गिऱ्हाईक मिळत नाही, वीजजोडणीला इतरांची संमती मागतात, एक जण कर्ज घेतो आणि बोजा सगळ्यांच्या सातबाऱ्यावर येतो. २०२५ मध्ये शासनाने तुकडेबंदीत सवलती दिल्या आहेत, पण त्या मुख्यतः आधी झालेल्या व्यवहारांसाठी आणि बिगरशेती क्षेत्रासाठी आहेत. त्याचा दाखला देऊन आज शेतातला पाच गुंठ्यांचा तुकडा कुणी विकत असेल तर घेऊ नका.

"एनए" (बिनशेती) प्लॉट म्हणून विकत असतील तर बिनशेती आदेश, मंजूर रेखांकनाचा नकाशा आणि महारेरा क्रमांक मागा. ठरावीक आकाराहून मोठ्या भूखंड योजनेला महारेरा नोंदणी लागते. "एनए प्रपोज्ड" म्हणजे एनए नाही.

सहावी पायरी: उपग्रहातून आणि योजनेच्या नकाशातून

संगणकावर गुगल अर्थ उघडा, लोकेशन टाका आणि जुन्या वर्षांची चित्रं दाखवणारी पट्टी मागे न्या. ऑक्टोबरचं चित्र बघू नका, ते सगळीकडे हिरवंच असतं. एप्रिल-मेचं शोधा. "बारमाही ओढा" त्यात पांढरी वाळूची रेघ दिसला तर उत्तर मिळालं. उंचीचे आकडे बघून उतार किती आहे ते काढा. आसपास वीटभट्टी, खडीची खदान, पोल्ट्री दिसते का ते बघा. भिवंडी, शहापूर, मुरबाडकडे या तिन्ही भरपूर आहेत आणि पोल्ट्रीचा वास व्हिडिओत येत नाही. उच्चदाबाच्या तारांचे मनोरे सावलीवरून ओळखता येतात. पडघ्याच्या मोठ्या उपकेंद्रामुळे त्या बाजूच्या कित्येक शिवारांवरून अशा तारा गेल्या आहेत आणि तारांखाली बांधकाम करता येत नाही.

नदीकाठाचा मोह जरा आवरा. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकली होती, तो सगळा परिसर आज "रिव्हर टच" म्हणून विकला जातो. डोंगराच्या अगदी पायथ्याची जागा असेल तर जुलै २०२३ मधली इर्शाळवाडी आठवा आणि वरचा कडा किती उभा आहे ते बघा.

मग योजना. झोन दाखला आणि भाग नकाशा त्या भागाच्या नियोजन प्राधिकरणाकडून किंवा नगररचना कार्यालयाकडून मिळतो. पनवेल-उरणकडे नैना, म्हणजे नवी मुंबई विमानतळाभोवतीचं नियोजन क्षेत्र आहे, तिथे सिडकोच्या नगररचना परियोजनेत गेलेल्या जमिनीपैकी साधारण ४० टक्केच अंतिम भूखंड म्हणून मालकाला परत मिळते. माथेरानभोवती २००३ पासून पर्यावरण संवेदनशील क्षेत्र आहे. तानसा अभयारण्याजवळच्या गावांचीही वेगळी चौकशी करा. विरार-अलिबाग मार्गिका, मुंबई-वडोदरा महामार्ग, आमण्याला संपणारा समृद्धी, यांच्या नावाने भाव वाढवून सांगतात. पण रस्ता जमिनीजवळून जातो की जमिनीतूनच, हे एजंट सांगत नाही. प्रांत कार्यालयात गट नंबर देऊन भूसंपादनाची अधिसूचना आहे का ते विचारता येतं.

सातवी पायरी: व्हिडिओ कॉल, पण तुमच्या अटींवर

पाठवलेला व्हिडिओ पुरावा म्हणून धरू नका. थेट कॉल करा, सोबत लाइव्ह लोकेशन चालू ठेवायला सांगा आणि तो ठिपका नकाशात कुठे हलतो ते दुसऱ्या फोनवर बघा. सुरुवात जमिनीतून करायची नाही. शेवटच्या डांबरी रस्त्यापासून चालत यायला सांगा. मधे कुणाचं शेत ओलांडलं? गेट उघडलं का? रस्ता गावनकाशात आहे की शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर? नकाशात नसलेली वाट कधीही बंद होऊ शकते. तहसीलदाराकडे कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो, पण ती वर्षं खाणारी लढाई आहे.

मग चारही कोपऱ्यांवर उभं करा. हद्दीचे दगड दाखवा म्हणा. विहीर असेल तर दोराला दगड बांधून पाण्यापर्यंत सोडायला सांगा, आणि ती विहीर कुणाच्या सातबाऱ्यात आहे ते विचारा. विजेचा जवळचा खांब दाखवा. चालताना कुणी शेजारी भेटला तर फोन त्याच्याकडे द्यायला सांगा, "राम राम काका" म्हणून दोन शब्द बोला.

ई-पीक पाहणीच्या अॅपमध्ये गावातल्या खातेदारांनी नोंदवलेली पिकं बघता येतात. तुम्हाला "पडीक" सांगितलेल्या गटावर दरवर्षी भाताची नोंद होत असेल तर तिथे कुणीतरी कसतं आहे. तो कोण, हे विचारायला हवं.

आठवी पायरी: आपल्या ऐवजी कुणाला पाठवायचं

इथवर आलेली जमीन आता बघण्याच्या लायकीची झाली. खरेदीखताआधी घरातल्या एकाने तरी जावंच. एप्रिल-मेमध्ये एकदा आणि जुलैत एकदा जाता आलं तर फार उत्तम. शहापूर तालुक्यात भातसा, तानसासारखी मुंबईला पाणी देणारी धरणं आहेत आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. काळ्या खडकात पाणी धरून राहत नाही. पाऊस कितीही पडो, मे महिन्याचं पाणी वेगळं मोजावं लागतं.

जाणं अगदीच अशक्य असेल तर असा माणूस पाठवा ज्याला व्यवहार झाल्यावर एक रुपयाही मिळणार नाही. खाजगी सर्व्हेअर, वकिलाचा कारकून, त्या बाजूचा एखादा सहकारी, यांपैकी कुणीही. त्याची दिवसाची मजुरी तुम्ही द्या. त्याने पोलीस पाटलांना आणि ग्राम महसूल अधिकाऱ्याला, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याला, भेटावं आणि हे विचारावं: भात कोण लावतं? वाट कुणाच्या बांधावरून आहे? भावाभावांत काही चालू आहे का? गावात टँकर कोणत्या महिन्यात सुरू होतो? आणि एक प्रश्न जो कुणी विचारत नाही: ही जमीन घ्यायला आधी कोण आलं होतं, आणि ते का फिसकटलं? गावात याचं उत्तर सगळ्यांना माहीत असतं.

नववी पायरी: पैसे आणि सह्या

वकिलाने दोन मराठी वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस द्यावी. साधारण चौदा दिवसांची मुदत ठेवतात. स्थानिक लोक वाचतात तो पेपर निवडा. हरकत आली नाही की मगच विसार, म्हणजे आगाऊ रक्कम. विसारपावतीवर "मालकी निर्वेध न आढळल्यास पूर्ण रक्कम परत" ही ओळ असावी. रक्कम सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसाच्या खात्यात जावी, एजंटच्या खात्यात कधीही नाही. स्थावर मिळकतीसाठी २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे. "थोडं कॅशमध्ये" म्हणणाऱ्याला हे सांगा. रोख दिलेल्या पैशाची पुढे न्यायालयात पावती नसते.

मुदत लांबणार असेल तर साठेखत नोंदवून घ्या. मुखत्यार सही करणार असेल तर मुखत्यारपत्र नोंदणीकृत आहे का आणि ते देणारा माणूस आज हयात आहे का, हे त्या माणसाशी स्वतः व्हिडिओवर बोलून खात्री करा. देणारा गेला की साधं मुखत्यारपत्र संपतं. नुसत्या मुखत्यारपत्रावर आणि साठेखतावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलं आहे. खरेदीखतच हवं. त्यात चतुःसीमा, क प्रतीचा नकाशा, वहिवाटीचा रस्ता आणि विहिरीतला हिस्सा शब्दांत लिहिलेला असावा. मुद्रांक शुल्क शासकीय मूल्यदर आणि ठरलेली किंमत यांत जास्त असेल त्यावर लागतं. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये.

खरेदीखत झाल्या दिवशीच सातबारा पुन्हा काढा, मधे काही नवी नोंद पडली का बघायला. फेरफाराची नोंद झाली की हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. तुमचं नाव सातबाऱ्यावर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. ते आलं की पहिल्या आठवड्यात चारही कोपऱ्यांवर सिमेंटचे खांब रोवून घ्या. रोवताना शेजारच्या शेतकऱ्यांना बोलवा, त्यांच्यादेखत मोजणीच्या खुणांवरच रोवा, आणि त्यांचे फोन नंबर घेऊन ठेवा. पहिल्या पावसात बांध फुटला तर तुम्हाला तेच कळवतील.